साक्षीदार: सौ. शेवंती

गंगाराम सुभेदारांची मोटारसायकल घरापुढच्या खळ्यात येऊन थांबली, तेव्हा शेवंतीच्या माळेचे अकरा मणी उरले होते. माळ पुरी होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा तिचा सकाळचा नेम. लग्न होऊन मसुऱ्यात आली त्या वर्षापासूनचा. तिने हातानेच पडवीतल्या बाकाकडे खुणावलं आणि डोळे मिटून घेतले, पण ते अकरा मणी देवापर्यंत काही पोचले नाहीत. सुभेदार आले म्हणजे पेन्शनचं काहीतरी. आणि नवरा घरात नसताना आले म्हणजे काहीतरी वाकडं.

गंगाराम धुरी फौजेतून सुभेदार होऊन परतले होते आणि आता जिल्ह्याच्या सैनिक कार्यालयाच्या वतीने गावोगाव फिरत. कुणाचा हयातीचा दाखला अडला, कुणा विधवेचं नाव चुकलं, ते निस्तरायचं काम त्यांच्याकडे. एरवी माणूस गजालीचा, गप्पिष्ट. खळ्यात पाय ठेवला की "वयनी, च्याय ठेवा" अशी आरोळी. आज त्यांनी हेल्मेट मांडीवर घेतलं आणि ते गप्प बसून राहिले.

"परशुराम खंय?" तिने माळ ठेवल्यावर त्यांनी विचारलं.

"बाजारात गेलेत. येतीत इतक्यात."

"काय?"

"बाजारात."

"जरा मोठ्यान बोला वयनी. मोटारसायकल मारून मारून माझे पण कान गेले."

शेवंतीचा आवाज होताच तसा. सासू असती तर अभिमानाने म्हणाली असती, आमच्या सुनेचा शब्द उंबऱ्याबाहेर जात नाही. सुभेदारांनी पिशवीतून कागद काढला. कागद हातात आला की ते मालवणी सोडून पुस्तकी मराठीत शिरत. शेवंतीला हे ठाऊक होतं, म्हणून "वहिनी, असं आहे" एवढं ऐकूनच तिने ठेवलेली माळ पुन्हा हातात घेतली.

"असं आहे, परशुरामच्या विरुद्ध अर्ज आलाय. निनावी. मी वाचतो, तुम्ही ऐका."

अर्ज टाईप केलेला होता. अक्षर ओळखायची सोय नव्हती.

"हवालदार परशुराम पालव, राहणार मसुरे, हे कानाने अपंग असल्याचे दाखवून केंद्र सरकारकडून पेन्शनमध्ये अपंगत्वाचा भाग घेत आहेत, तसेच राज्य सरकारच्या सवलती लाटत आहेत. प्रत्यक्षात त्यांना सर्व ऐकू येते. साक्षीदार: त्यांची पत्नी सौ. शेवंती. त्यांनी स्वतः सांगितले आहे की, ह्यांना हवे तितकेच ऐकू येते."

शेवंतीने पदर तोंडाशी नेला.

परशुराम तोफखान्यात होता. कारगिलच्या वर्षी डोंगरात तोफेला चिकटून आठवडेच्या आठवडे काढले आणि कान तिथेच ठेवून आला. फौजेच्या डॉक्टरांनी सेवेमुळे आलेलं अपंगत्व म्हणून लिहून दिलं, म्हणून निवृत्त झाल्यापासून पेन्शनमध्ये तो भाग येत होता. तो दिल्लीचा. गेल्या वर्षी घरपट्टी माफ झाली आणि दिव्यांगाच्या कार्डावर एस.टी.ची सवलत मिळायला लागली. ते राज्याचं. घरपट्टी माफ झालेल्यांची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली होती आणि गावात वाचता येणाऱ्या प्रत्येकाने ती वाचली होती.

"निनावी अर्जाला आम्ही किंमत देत नाही," सुभेदार म्हणाले. "असे कितीतरी येतात, फाईलला लागून पडतात. पण ह्यात साक्षीदार आहे. आणि साक्षीदार घरातला आहे. त्यामुळे तपासणी पुन्हा होणार. तेवीस तारखेला, गोव्याला, फौजेच्या दवाखान्यात. तुम्हीही यायचं. तुमचा लेखी जबाब मी तिथंच घेणार."

"जबाब कसलो?"

"हे वाक्य तुम्ही बोललात की नाही, एवढाच. नाही म्हणालात तर साक्षीदार गेला, अर्ज आपोआप पडला. होय म्हणालात तर..." त्यांनी कागदाची घडी घातली. "पेन्शनचा भाग बंद होईल, मागचा वसूल होईल, ते एक. पण गावात नाव काय होईल? खोटं बहिरेपण घेणारा फौजी. परशुरामाला ते सोसेल का?"

शेवंतीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"आणखी एक विचारतो, राग मानू नका. इतक्या वर्षांत त्याने कानाचं मशीन कधी मागितलं नाही. कार्डावर फुकट मिळतं. मी दोनदा फॉर्म आणून दिला, त्याने चुलीत घातला की काय कोण जाणे. खरोखरचा बहिरा माणूस आधी मशीन मागतो." सुभेदार तिच्याकडे बघत राहिले. मग तपासणीचं पत्र तिच्या हातात देऊन उठले आणि जाताजाता पुन्हा मालवणीत आले. "तपासणीचा पत्र तेका दाखवा. अर्जाचा तुमी काय ता बघा."

ते वाक्य तिचंच होतं. अगदी शब्दशः.

नवरात्रात सातेरीच्या देवळात दुपारच्या बायका वाती वळत बसल्या होत्या. नवऱ्यांचा विषय निघाला. कुणाचा घोरतो, कुणाचा मीठ नाही म्हणून ताट सरकवतो. शेवंती कधी अशा बोलण्यात पडायची नाही. पण त्या दिवशी कशी कोण जाणे, वात वळता वळता म्हणून गेली, "आमच्या ह्यांका व्हया तितक्याच आयकाक येता." बायका इतक्या हसल्या की गाभाऱ्यातून गुरव डोकावला. आपल्या बोलण्याला कुणी हसलं, हे शेवंतीच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. तिला बरं वाटलं होतं. तेच आता अंगावर उलटलं.

कुणी नेलं ते देवळाबाहेर? आठ बायका होत्या. शेवंती एकेकीचा चेहरा आठवत राहिली आणि प्रत्येक चेहरा थोडा थोडा वाईट दिसू लागला. फिरून फिरून मन नम्रतेवर यायचं. नम्रता म्हणजे परशुरामच्या चुलतभावाची, सत्यवानाची बायको. दोन घरांच्या मध्ये एक गडगा, म्हणजे दगडांचा बांध, आणि तो हातभर अलीकडे की पलीकडे, ह्यावर चार वर्षं धुसफूस चाललेली. त्यात सत्यवानाची घरपट्टी माफ झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी नम्रता विहिरीवर दिसली तेव्हा शेवंतीने आडवळणाने विचारलं. आडवळण तिला जमत नसे. नम्रता कळशी खाली ठेवून कमरेवर हात घेऊन उभी राहिली.

"माका कित्याक इचारतास वयनी? थंय आठ बायका होती."

"तसा नाय गो. कोणाकडे बोललंस काय, इतक्याच."

"बोललंय असतंय तर काय झाला? खोटा बोललास तुमी? आमच्या ह्यांका पण व्हया तितक्याच आयकाक येता. कचरो टाकून येवा म्हटला की बहिरे. तेंका कोण देता पेन्शन?"

ती हसत गेली. शेवंती मात्र विहिरीच्या काठावर थिजून राहिली. नम्रतेवरचा संशय जाईना, पण तिच्या बोलण्याने दुसराच एक संशय उठून बसला. खरंच, सगळ्याच नवऱ्यांना हवं तितकंच ऐकू येतं. मग आपल्याच नवऱ्याचे कान गेलेत, हे तरी कशावरून?

हा विचार मनात आल्याबरोबर तिने कानाची पाळी धरली. पण एकदा शिरलेला विचार निघतो थोडाच.

त्या दिवसापासून ती परशुरामवर नजर ठेवू लागली. तो खळ्यात पाठमोरा बसून सुपारी सोलत होता. मागच्या बाजूला माडावरून नारळ पडला. परशुरामने मान वर केली आणि म्हणाला, "कोपऱ्यातल्या माडाचो." कुठला माड तेसुद्धा कळलं! तासाभराने कुकरने पाच शिट्ट्या दिल्या. हा दाराशी पेपर वाचत होता. पान उलटलं नाही की पाय हलवला नाही. शेवंतीला न्हाणीतून ओल्या पायांनी धावत यावं लागलं.

संध्याकाळी वळणावर बस आली. तिला ऐकू यायच्या आधी हा म्हणाला, "बस इली." गडग्यापलीकडून सत्यवानाने "दादानू, पंप सुरू करा!" म्हणून हाळी दिली, तर ह्याने जागेवरून ओ दिली. पुण्याहून लेकीचा, भक्तीचा फोन आला, तर दोन मिनिटं "होय, होय" करून "आवशीक सांग" म्हणत फोन तिच्या हातात. आणि तोफेवरच्या जुन्या जोडीदाराचा फोन आला की अर्धा अर्धा तास, मोठमोठ्याने हसणं.

राहिली ती स्वतः. नवऱ्याचं नाव तिने उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. हाक मारायची तर एकच शब्द, "आयकलात?" दिवसातून वीस वेळा ती म्हणायची आणि त्यातल्या अठरा वेळा तो वळायचा नाही. वळलाच तर "होय, होय."

शेवंतीने मनात दोन रांगा मांडल्या. नारळ ऐकू येतो, कुकर ऐकू येत नाही. सत्यवान ऐकू येतो, लेक येत नाही. जोडीदार ऐकू येतो, बायको येत नाही. जे ऐकलं तर उठावं लागेल, कुणाची काळजी वाहावी लागेल, ते नेमकं ह्याच्या कानात शिरत नाही. सुभेदार बोलले त्यात तथ्य आहे. मशीन लावलं तर ढोंग संपेल, म्हणूनच फॉर्म भरत नसेल.

पत्र बघितल्यावर परशुराम एवढंच म्हणाला होता, "परत तपासणी? बरा. जावया." घाबरला नाही, चिडला नाही, का म्हणून विचारलं नाही. तेही तिला खटकलं. आणि त्या दिवसापासून टी.व्ही.चा आवाज आणखी वाढला की काय? की तो नेहमीच एवढा असायचा? आता तिला काहीच खात्रीने सांगता येईना.

देवीला कौल लावावा असं एकदा मनात आलं. उजवा कौल दिला तर कान खरे, डावा दिला तर खोटे. पण कौल लावायचा म्हणजे गुरव आधी गाऱ्हाणं घालणार, आणि तो तर खणखणीत आवाजात, परशुराम पालवच्या नावानिशी. देवीने कौल देण्याआधी तो अख्ख्या वाडीला कळणार. ती तुळशीपाशीच हात जोडून परत आली.

मनाला दुसरीही एक टोचणी होती. नवऱ्यावर बालंट आलं ते आपल्या तोंडामुळे, आणि त्याला ते माहीत नाही. खोटं बोलायचं नाही हा नेम. पण लपवणं हे खोट्यात धरायचं की नाही? एकवीस तारखेला दुपारी परशुराम खळ्यात पाठमोरा बसला होता. समोर जायचा तिला धीर झाला नाही. ती मागे दाराच्या चौकटीला टेकली आणि नेहमीच्या आवाजात सगळं बोलून गेली. अर्ज आलाय. त्यात साक्षीदार मी आहे. ते वाक्य माझं. देवळात, थट्टेत बोलले. मला क्षमा करा.

परशुरामने सुपारीची साल काढली, सुपारी सुपात टाकली. मग त्याला मागे सावली जाणवली असावी. मान किंचित वळवून म्हणाला, "होय, होय. बघूया."

शेवंती उभीच राहिली. ऐकलं असेल तर तो खोटा, आणि नसेल ऐकलं तर आपण. कबूल करायचं पण पोचू द्यायचं नाही, असं मुद्दाम हळू बोलून आपण देवालाही फसवलं. दोघांपैकी कोण, ते तिला कळेना. पुन्हा मोठ्याने सांगायचं तर गडग्यापलीकडे नम्रता कपडे वाळत घालत होती.

तेवीस तारखेला पहाटेच्या गाडीने ती दोघं निघाली. कंडक्टरने विचारलं, "काका, खंय?" तर परशुरामने लगेच "सावंतवाडी" म्हणून दिव्यांगाचं कार्ड पुढे केलं. कंडक्टरने एकदा कार्डाकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. शेवंतीने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. इन्सुलीचा नाका ओलांडून गोव्यात शिरेपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही, आणि परशुरामने तिला काही विचारलंही नाही.

दवाखान्यात कान तपासणारी मुलगी होती, तेजस्वी नावाची, मूळची सावंतवाडीची. तिने परशुरामला काचेच्या खोलीत बसवून कानांवर यंत्र चढवलं आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. काचेबाहेरून शेवंती त्याच्या बोटाकडे बघत होती. बोट कधी दाबायचं, कधी नाही. तेही मनाचंच, तिला वाटलं. हवं तेव्हा दाबायचं.

मग तेजस्वीने त्याला पलंगावर आडवं केलं आणि कपाळाला, कानामागे तारा चिकटवल्या.

"ह्यात काकांनी काहीच सांगायचं नाही," ती शेवंतीला म्हणाली. "नुसतं झोपायचं. आवाज आत पोचला की मेंदूतून खूण उमटते, नाही पोचला तर नाही. इथं कुणालाच खोटं बोलता येत नाही."

शेवंतीने नकळत हात जोडले. परशुराम पाच मिनिटांत घोरायला लागला. एवढ्या मोठ्या परीक्षेत ह्या माणसाला झोप येते, म्हणजे हा एकतर निष्पाप असला पाहिजे नाहीतर अट्टल.

तासाभराने तेजस्वीने छापलेला कागद तिच्यासमोर धरला. एक रेघ अर्ध्यापर्यंत सरळ आलेली आणि तिथून कडा तुटल्यासारखी खाली गेलेली.

"काकांचं मागच्या तपासणीपेक्षा वाईट झालंय," ती म्हणाली. "तोफेच्या आवाजाने असंच होतं. आधी बारीक आवाज जातात. जाडे आवाज पुष्कळ वर्षं टिकतात. म्हणून लोकांना वाटतं, ह्याला सगळं ऐकू येतंय."

"म्हणजे... नारळ पडलो तर?"

"धप्प आवाज? तो येणार ऐकू."

"कुकरची शिट्टी?"

"नाही."

"बस?"

"येणार. इंजिनाचा आवाज जाडा असतो."

"आमचे भावजी आहेत शेजारी. घोगऱ्या आवाजाचे."

"येणार."

"लेक फोनवर बोलते ती?"

"नाही हो. कुणीतरी बोलतंय एवढं कळतं, शब्द कळत नाहीत. बायकांचं, लहान मुलांचं, पाखरांचं, हे सगळं गेलेलं असतं."

शेवंतीच्या दोन्ही रांगा एकामागून एक सरळ झाल्या. एकच प्रश्न उरला होता आणि तो तिच्याने विचारवेना. तेजस्वी आपणहूनच म्हणाली, "आणि काकी, तुमचं तर मला दोन फुटांवरून नीट कळत नाहीये."

"पण ते होय होय म्हणतात."

"सगळेच म्हणतात. दर वेळी 'काय, काय' विचारायची माणसाला लाज वाटते. त्यांच्याशी बोलायचं तर समोर बसा, सावकाश बोला, आवाज खाली घेऊन जाडा करा. ओरडू नका. ओरडलं की बाईचा आवाज आणखी बारीक होतो."

बाहेर व्हरांड्यात गंगाराम सुभेदार फॉर्म घेऊन उभे होते. तपासणीचा कागद त्यांनी आधीच बघितला होता आणि चेहरा मोकळा झाला होता.

"झालं, वहिनी. यंत्राने साक्ष दिली. आता तुमचा जबाब नुसता उपचार. असं वाक्य बोलले नाही, एवढं लिहा आणि सही करा. साक्षीदार खोटा ठरला की अर्ज आजच निकालात काढतो."

"माका जरा वेळ देवा."

"कसला वेळ?"

पण ती निघाली होती. परशुराम आवारातल्या झाडाखाली बाकावर चहाचा कागदी पेला घेऊन बसला होता. ती कधी बसायची नाही तशी त्याच्या समोर, बाकासमोरच्या कट्ट्यावर बसली. जाडा आवाज कुठून आणायचा? तिने घसा साफ केला. पहिल्यांदा नुसती हवा आली. मग जो आला तो तिच्या बापाचा होता, नांगराच्या बैलांशी बोलतानाचा.

"अर्जात माझा नाव आसा."

परशुराम दचकला. पेला हिंदकळला. "काय म्हटलंस?"

त्याने 'काय' विचारलं. कितीतरी वर्षांनी.

"साक्षीदार म्हणान माझा नाव आसा. देवळात मी म्हटलंय, ह्यांका व्हया तितक्याच आयकाक येता. थट्टेन. ता कोणीतरी लिवन दिलान."

बाजूच्या बाकावरच्या फौजींच्या दोन बायकांनी वळून बघितलं. परशुरामने पेला खाली ठेवला. आता तो चिडेल, म्हणून तिने मान खाली घातली, आणि मग तेजस्वीचं आठवून पुन्हा वर केली.

"तू म्हटलंस?"

"होय."

"बायकांत?"

"होय."

"मगे? हसली बायका?"

"हसली."

"तुझ्या बोलण्याक?" त्याला तेच खरं वाटेना. "माका वाटलेला, तू बोलणाच सोडलंस."

"मी? मी रोज बोलतंय. दिवसभर बोलतंय."

"तुझे ओठ हलतत ता दिसता माका," परशुराम म्हणाला. "माका वाटता, जप चल्लोहा. नेम मोडाक नको म्हणान मी गप रवतंय."

शेवंतीच्या मनात त्याही क्षणी संशयाने एकदा डोकं वर काढलं. सुटायला म्हणून गोड बोलतो आहे का? तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. तिथे नुसतं आश्चर्य होतं, लहान मुलाच्या तोंडावर असतं तसं.

"आणि मशीन कित्याक मागूक नाय?"

"कित्याक मागू? सत्यवान आयकाक येता, बस येता. घरात कोण बोलणाच नाय, तर मशीन लावन आयकू काय?"

ती हसली की रडली ते तिलाही कळलं नाही. डोळे पुसून तिने सांगितलं, सुभेदार 'नाही' लिहायला सांगतायत. परशुरामने दोनदा विचारून ते समजून घेतलं.

"तू म्हटलंस ना?"

"म्हटलंय."

"मगे होय लिव."

सुभेदारांच्या पेनाने तिने जबाब लिहिला. हे वाक्य माझे आहे. मी थट्टेने बोलले. माझ्या यजमानांना हवे तितके नव्हे, जमेल तितके ऐकू येते, हे मला आज समजले. कुणी ऐकून लिहिले ते मला माहीत नाही.

"वहिनी, एवढं कशाला?" सुभेदार कळवळले. "'नाही' लिहिलंत तर आज सुटता. आता वाक्य खरं ठरलं. फाईल वर पाठवायला लागेल. तपासणीचा कागद आहे, पेन्शन कुठे जात नाही, पण निकाल येईपर्यंत दोन-चार महिने उघडी राहील. तोवर दिव्यांगाचं कार्डही वापरू नका, कुणी पुन्हा बोट दाखवायला नको."

"'नाय' ह्या खोटा आसा," शेवंती म्हणाली. सुभेदारांनी कान पुढे केला. तिने तेच बैलांच्या आवाजात पुन्हा सांगितलं आणि सुभेदार एक पाऊल मागे सरले.

परशुरामने जबाब हातात घेऊन हवालदाराच्या नजरेने वरपासून खालपर्यंत वाचला. "खाली लिव," तो म्हणाला, "सोबत तपासणीचा कागद जोडला आहे. नायतर वरचे जोडूचे नाय." तिने लिहिलं. मग सुभेदारांकडे वळून तो म्हणाला, "आणि तो मशीनचो फॉर्म आसलो तर देवा."

परतताना कणकवलीला मसुऱ्याची गाडी मिळाली. ह्या वेळी पूर्ण तिकीट काढलं. परशुराम खिडकीशी बसला नाही. आतल्या बाजूला, तिच्याकडे तोंड करून बसला. वळणावळणाने गाडी चालली आणि शेवंती त्याला सांगत राहिली. भक्ती दिवाळीला येणार नाही, पण मार्गशीर्षात येईल. न्हाणीचा पत्रा गळतो. तिचे गुडघे दुखतात, आषाढापासून. प्रत्येकाला तो "काय?" विचारायचा आणि ती पुन्हा सांगायची. त्या जाड्या आवाजाला गाडीतली माणसं वळून बघत होती, पण तिने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

मग ज्याने दोन आठवडे तिची झोप घालवली होती ते ओठावर आलं. ती जरा पुढे सरकली.

"आयकलात? माका वाटता, अर्ज सत्यवान भावजींनीच..."

परशुरामने तिच्या हातावर हात ठेवून तिला थांबवलं आणि पुढच्या बाकाकडे भुवई उडवली. तिथे मसुऱ्याचीच दोन माणसं बसली होती आणि दोघांच्याही माना ताठ झाल्या होत्या.

"ह्या हळू बोल," तो म्हणाला.

शेवंतीने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हळू बोललं तर त्याला ऐकू येणार नव्हतं. जाड्या आवाजात बोललं तर गाडी मसुऱ्यात पोचायच्या आत ते सत्यवानाच्या घरात पोचणार होतं. आणि सत्यवानाला अर्ज लिहिताना बघितलं होतं तरी कुणी?

"काय?" परशुरामने विचारलं.

"काय नाय," ती म्हणाली. आणि ते त्याला ऐकू गेलं.